हाडांना लावलेला चुना

परवा एका साखरपुड्याच्या पंगतीत माझ्या भाचीची चौकशी झाली. सध्या काय करतेस, या प्रश्नाला तिने हाडांवर पीएच.डी. करतेय असं सांगितलं. आणखी खोदून विचारल्यावर म्हणाली, हाडाच्या आत अडकून राहिलेल्या पेशी असतात, त्या एकमेकींशी कशा बोलतात ते पाहतेय. मुलाकडच्या थोरल्या काकांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली. "पोरी, एवढं शिकून हाडांवर? त्यात शोधायचं काय राहिलंय आता? कॅल्शियम कमी झालं की गोळी घ्यायची. मी रोज घेतो." शेजारच्या पाच-सहा माना डोलल्या. एका काकूंनी आपल्या गोळीचं नाव सांगितलं, दुसरीने त्याहून चांगल्या गोळीचं, तिसरीने नाचणीचं सत्त्व सुचवलं. जिलबी वाढायला येईपर्यंत भाचीच्या चार वर्षांच्या कामाचा निकाल लागला होता.

भाची हसून गप्प बसली. ती प्रयोगशाळेत रोज अपयश पाहते, त्यामुळे तिच्याकडे सहनशक्ती भरपूर आहे. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. चुकीचं उत्तर ठासून आलं की माझा हात अजून लाल पेनाकडे जातो.

या मताला मी चुनावाद म्हणते, आणि ते उगाच नाही. सर्वांत जास्त खपणाऱ्या कॅल्शियमच्या गोळीत असतं ते कॅल्शियम कार्बोनेट. खडूच्या दगडात तेच, संगमरवरात तेच, मोरीतल्या शहाबादी फरशीत मुख्यतः तेच. भिंतीला दिलेला चुना हवेत वाळला की त्याचंही तेच होतं. आजी बाळाला चुन्याची निवळी द्यायची, नातू चकचकीत पाकिटातली गोळी घेतो. पदार्थाचं कूळ एक आणि मागचा विचारही एक: पावसाळ्यात भिंत पोपडली की दिवाळीआधी हात फिरवायचा, तसा सांगाड्याला आतून हात फिरवायचा.

चुनावाद थोडक्यात असा. हाड म्हणजे कॅल्शियमचा दगड. वय झालं की तो झिजतो, म्हणजे शरीरात कॅल्शियम कमी पडलेलं असतं. कमी पडलं ते तोंडावाटे घालावं. ते आपणहून जागच्या जागी जाऊन बसतं. बसत नसेल तर सोबत डी जीवनसत्त्व घ्यावं, आणि ते जितकं जास्त तितकं उत्तम. बसलं की नाही हे यंत्र सांगतं. आकडा वाढला की हाड पक्कं झालं. हिशेब इतका सरळ असताना या विषयात संशोधन करणं म्हणजे पैशाची उधळपट्टी. हे शेवटचं वाक्य काका बोलले नाहीत, त्यांच्या भुवया बोलल्या. या मांडणीचा मोठा गुण म्हणजे ती सोपी आहे. दुसरा गुण मला सापडलेला नाही.

पहिलं कलम घेऊ: हाड म्हणजे दगड. राख सावडायला गेलेल्या प्रत्येकाने याचं उत्तर स्वतःच्या बोटांत धरलेलं आहे. चितेत हाडातलं प्रथिन जळून जातं; खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट, मागे उरतं. चुनावाद्यांच्या व्याख्येनुसार हे अगदी शुद्ध हाड झालं. आणि ते चिमटीत चुरतं. उलटा प्रयोग स्वयंपाकघरात करता येतो. कोंबडीच्या तंगडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. खनिज विरघळून जातं, प्रथिन उरतं आणि हाड रबरासारखं वाकतं. म्हणजे नुसतं खनिज चुरतं, नुसतं प्रथिन वाकतं. ताकद आहे ती दोघांच्या विणीत. आणि वीण म्हटली की विणणारं कुणीतरी आलं.

विणणाऱ्या पेशी वेगळ्या, उसवणाऱ्या वेगळ्या. उसवणाऱ्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्या हाडाला चिकटतात, आम्ल सोडतात आणि खड्डा पाडतात. मागून ऑस्टिओब्लास्ट येतात आणि तो खड्डा भरून काढतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा मोडून पुन्हा बांधला जातो. काका ज्या हाडांच्या जोरावर पंगतीत मांडी घालून बसले होते, ती त्यांच्या लग्नातली हाडं नव्हतीच. बांधता बांधता काही ऑस्टिओब्लास्ट त्याच बांधकामात चिणल्या जातात आणि त्यांच्या ऑस्टिओसाइट होतात. याच भाचीच्या पेशी. चिणल्या गेल्या तरी त्या मरत नाहीत. बारीक बारीक नळ्यांतून एकमेकींचे हात धरून बसतात, हाडावर भार कुठे पडतोय ते ओळखतात आणि कुठे तोडायचं, कुठे बांधायचं याचे निरोप धाडतात.

भारच पडला नाही तर काय होतं, हे अंतराळवीरांनी दाखवून दिलं आहे. त्यांचं जेवण मोजून-मापून आखलेलं असतं, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाची काळजी घेणारे तज्ज्ञ दिमतीला असतात. तरीही पुरेसा भारी व्यायाम नसेल तर खुब्याच्या हाडातलं खनिज दर महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटतं. पोटात सगळं गेलं, पण पायांवर वजन पडलं नाही. दगडाला वजनाची आठवण येते का? नेमाने गोळी घेऊन दिवसभर सोफ्यावर बसणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर बसल्याबसल्याच द्यावं.

दुसरं कलम: 'कॅल्शियम कमी झालंय.' मराठी घरातलं हे सर्वांत लाडकं निदान. कंबर धरली, कॅल्शियम कमी. नखं तुटली, केस गळले, रात्री पोटऱ्यांत गोळे आले, सुनेला उठवत नाही, सगळ्याला कॅल्शियम कमी. कमी म्हणजे नेमकं कुठे? प्रौढ माणसाच्या हाडांत सुमारे एक किलो कॅल्शियम असतं. हाडांबाहेर, रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात मिळून, जेमतेम एक ग्रॅम. पण जीव टांगलेला असतो तो या एका ग्रॅमवर. हृदयाचा ठोका, स्नायूचं आकुंचन, मज्जातंतूंचे निरोप, रक्त गोठणं, सगळं त्याच्या जोरावर चालतं. म्हणून शरीर रक्तातलं कॅल्शियम १०० मिलिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या अरुंद पट्ट्यात अडवून धरतं आणि त्यासाठी हाड खरवडायलाही कचरत नाही. महिन्याचा खर्च भागेना म्हणून घरच्या बाईने पाटल्या मोडल्या, तर वाण्याच्या वहीत उधारी शून्य दिसते. तेवढ्यावरून त्या घरात सुबत्ता आहे असं कुणी म्हणेल का? अस्थिविरळतेच्या बहुतेक रुग्णांचा रक्तातल्या कॅल्शियमचा रिपोर्ट अगदी व्यवस्थित येतो, तो असाच.

आणि कधी कधी तर हाडं पोखरली जात असताना रक्तातलं कॅल्शियम कमी नव्हे, जास्त असतं. ही गोष्ट समजायला माणसाला किती वर्षं लागली ते ऐकण्यासारखं आहे, आणि तिची सुरुवात एका भारतीय गेंड्यापासून होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा गेंडा १८४९ मध्ये मेला. रिचर्ड ओवेन या शरीररचनातज्ज्ञाने त्याचं विच्छेदन केलं, तेव्हा थायरॉईडला चिकटलेली एक छोटी पिवळसर ग्रंथी त्याला दिसली. माणसातल्या तशाच ग्रंथींचं वर्णन १८८० मध्ये स्वीडनमधल्या ईवार सँडस्ट्रोम याने प्रसिद्ध केलं. या त्या पॅराथायरॉईड. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की त्या संप्रेरक सोडतात. ते हाडातून कॅल्शियम सोडवतं, मूत्रपिंडाला ते वाया घालवू देत नाही आणि डी जीवनसत्त्वाला कामाला लावून आतड्याकडून जास्त शोषून घेतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथींचा हा कारभार.

आता व्हिएन्नाला या. १९२५ साली फेलिक्स मांडल या शल्यविशारदाकडे एक ट्राम कंडक्टर होता. हाडं ठिसूळ झालेली, वेदना असह्य. त्या काळच्या वैद्यांचं तर्कशास्त्र आपल्या काकांसारखंच होतं: हाडाच्या आजारात पॅराथायरॉईड सुजलेल्या दिसतात, म्हणजे त्या कमी पडत असणार, म्हणजे बाहेरून आणखी घाला. मांडलने आधी ग्रंथीचा अर्क टोचला, मग दुसऱ्याच्या शरीरातल्या ग्रंथीचं कलमही केलं. उपयोग शून्य. शेवटी गळा उघडला, वाढलेली ग्रंथी काढून टाकली, आणि दुखणं ओसरलं, हाडं पुन्हा भरू लागली. आजार कमतरतेचा नव्हताच, उतू जाण्याचा होता. अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाचा जहाजाचा कप्तान याच आजाराने जवळजवळ सात इंचांनी बुटका झाला. त्याची गाठ गळ्यात सापडेना. ती १९३२ साली सातव्या शस्त्रक्रियेत छातीत सापडली, तोवर फार उशीर झाला होता. या दोघांना आपल्या सोसायटीतल्या कुणी तपासलं असतं, तर दोघांच्याही हातात एकेक डबी ठेवली असती. रक्तात आधीच उतू चाललेल्या कॅल्शियमवर आणखी कॅल्शियम. हा आजार आज इतिहासजमा झालेला नाही. त्याची पहिली खूण साध्या रक्ततपासणीत दिसते, पण ती तपासणी करायची कुणी? निदान तर पंगतीतच झालेलं असतं!

तिसरं कलम: घातलं की भरतं. प्रौढ आतडं अन्नातल्या कॅल्शियमपैकी साधारण चौथाई ते एक तृतीयांश घेतं, बाकीचं आल्या वाटेने जातं. किती घ्यायचं हे ताटावर ठरत नाही, संप्रेरकांवर ठरतं. पण शरीरशास्त्र राहू द्या. चुनावाद्यांना अनुभव प्रिय असतो, तर अनुभवच पाहू. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासात ५० ते ७९ वयाच्या ३६,२८२ स्त्रिया होत्या. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी जीवनसत्त्व, निम्म्यांना दिसायला तशीच पण पोकळ गोळी. सरासरी सात वर्षांनी, २००६ मध्ये, निकाल आला. खुबा मोडण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत भरवशाने सांगावा असा फरक नव्हता. मुतखडे मात्र गोळी घेणाऱ्यांत १७ टक्क्यांनी जास्त. ज्यांनी गोळी नेमाने घेतली त्यांना फायदा दिसला, असं यावर सांगितलं जातं, आणि तेवढं खरंही आहे. पण नेमाने गोळी घेणारी बाई इतरही बऱ्याच गोष्टी नेमाने करते, हे सासू-सुनांच्या राज्यात मी का सांगावं?

याहून बोलका अनुभव आफ्रिकेतल्या गांबियाचा. तिथल्या गावांत बायकांच्या आहारात कॅल्शियम फार कमी, आपल्याकडच्या तज्ज्ञांना घेरी येईल इतकं. गरोदरपणात त्यांना रोज १५०० मिलिग्रॅम पूरक कॅल्शियम देऊन चाचणी झाली. २०१० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर, अंगावर पाजण्याच्या काळात, ज्यांना कॅल्शियम दिलं होतं त्यांच्याच हाडांतलं खनिज जास्त घटलं. थोड्यात भागवायला शिकलेल्या शरीराची घडी त्या दानाने विस्कटली असावी. दान देणाऱ्याचा हेतू चांगला होता. आपल्या काकांचाही असतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी आणि ती मी पंगतीतही केली असती. जिथे खरोखर तूट आहे तिथे भर घातल्याचा उपयोग होतो. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतल्या ३२७० आज्यांवर, सरासरी वय ८४, झालेल्या अशा प्रयोगाचा निकाल १९९२ साली आला. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व मिळालेल्यांत दीड वर्षात खुबा मोडण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी. त्या उन्हात जात नव्हत्या, जेवत बेताचं होत्या, त्यांच्या शरीरात तूट मोजून दिसत होती. त्यांना मिळालं ते योग्यच. पण त्या आज्यांचा निकाल घेऊन रोज टेकडी चढणाऱ्या, दूध-दही खाणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या गृहस्थांना गोळी लावणं म्हणजे शेजारच्याचा चष्मा छान आहे म्हणून आपल्या नाकावर चढवणं. अन्नात कॅल्शियम हवंच. नाचणी खा, तीळ खा, दही खा. विटाच नसतील तर गवंडी काय करणार? पण दारात विटांचा ट्रक रिकामा केला म्हणून घर उभं राहत नाही, वाट तेवढी अडते. मुतखडा झालेल्याला विचारा.

चौथं कलम डी जीवनसत्त्वाचं. इथे चुनावाद थोडा आधुनिक कपडे घालतो. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, तीही डॉक्टरांनी आठ आठवड्यांसाठी सांगितलेली आणि आपण आठ वर्षं चालवलेली. मुळात हे जीवनसत्त्व नावापुरतं जीवनसत्त्व आहे. उन्हात त्वचेत तयार होतं, यकृतात बदलतं, मूत्रपिंडात त्याला शेवटचा हात फिरतो आणि मगच ते कामाचं होतं. हा सगळा प्रवास संप्रेरकाचा. इन्सुलिन चांगलं असतं म्हणून कुणी 'जितकं जास्त तितकं बरं' म्हणतं का? २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाचा निकाल आला. सत्तरी ओलांडलेल्या २२५६ स्त्रिया. निम्म्यांना वर्षातून एकदा एकदम ५,००,००० युनिट डी जीवनसत्त्व. त्यांच्यात पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाड मोडण्याचं २६ टक्क्यांनी वाढलं. कमी झालं नाही, वाढलं. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या २५,८७१ लोकांच्या चाचणीत रोज २००० युनिट घेऊन सर्वसामान्य निरोगी माणसांची हाडं मोडायची थांबली नाहीत, असं दिसलं.

म्हणजे डी जीवनसत्त्व निरुपयोगी? छे. त्याची तूट काय करते हे आपल्या नाशिकमध्येच शंभर वर्षांपूर्वी नोंदलं गेलं आहे. १९२० च्या दशकाच्या आरंभी हचिसन या डॉक्टरने तिथल्या मुडदुसाचा अभ्यास केला. मुडदूस कुणाला? सुखवस्तू, पडदा पाळणाऱ्या घरांतल्या बायका-मुलांना, ज्यांच्या ताटात दूधतूप होतं. उन्हात राबणाऱ्या गरिबांची मुलं, ताट रिकामं असूनही, त्यातून सुटली होती. चुनावादाचा निकाल खरं तर तेव्हाच लागायला हवा होता. ताट भरलेलं आणि हाड वाकलेलं! आज त्या पडद्याच्या जागी एसी, काळ्या काचांची गाडी आणि बंद सदनिका आली आहे, आणि आपण ऊन पुडीत विकत घेतो आहोत.

पाचवं कलम आकड्याचं. सोसायटीच्या हॉलमध्ये भरणारं 'हाडांची मोफत तपासणी' शिबिर तुम्ही पाहिलं असेल. आमच्याकडेही झालं. टेबलावर एक छोटं यंत्र, त्यात टाच ठेवायची, एका मिनिटात कागद हाती. कागदावर लाल, पिवळा, हिरवा पट्टा. त्या सकाळी जवळजवळ सगळी इमारत लाल-पिवळी निघाली आणि शेजारच्या टेबलावर गोळ्यांचे नमुने तयार होते. आता, अस्थिविरळतेची उणे २.५ ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली. निदानासाठी ती वापरली जाते खुबा आणि कण्याच्या डेक्सा तपासणीच्या आकड्याला, टाचेच्या ध्वनिलहरींना नव्हे. शिवाय हा आकडा तुमची तुलना तुमच्या वयाच्या माणसाशी करत नाही, ऐन तारुण्यातल्या माणसाशी करतो. त्याच न्यायाने अडुसष्ट वर्षांच्या माझ्या चेहऱ्याची तुलना विशीतल्या भाचीशी केली, तर मलाही उणे चार मिळतील. धोक्याचा अंदाज म्हणून आकड्याला किंमत आहे, पण आकडा म्हणजे हाड नव्हे.

हे मी उपमेने सांगत नाही, प्रयोगाने सिद्ध झालं आहे. फ्लोराइडने हाडाची घनता झपाट्याने वाढते. म्हणून अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रजोनिवृत्तीनंतर हाडं विरळ झालेल्या २०२ स्त्रियांवर चार वर्षं चाचणी झाली, तिचा निकाल १९९० मध्ये आला. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कण्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. आकड्यांचा असा सोहळा आजवर कुठल्या गोळीने केला नव्हता. पण मणके मोडायचे राहिले नाहीत, आणि कण्याबाहेरची हाडं मोडण्याचं प्रमाण तिपटीवर गेलं. घनता आली, वीण बिघडली. या प्रयोगासाठी मेयोला जायचीही गरज नव्हती. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यातून वर्षानुवर्षं फ्लोराइड पोटात गेलेली माणसं पाहिली असती, तरी पुरे होतं. जास्त फ्लोराइडने क्ष-किरणात हाड पांढरंशुभ्र दिसू शकतं आणि माणसाला मात्र वाकून चप्पल घालता येत नाही. चुना चांगला बसला, घर राहण्याजोगं राहिलं नाही.

आता शेवटचं आणि माझ्या डोक्यात गेलेलं कलम: 'त्यात शोधायचं काय राहिलंय?' काका, पुष्कळ राहिलं होतं आणि पुष्कळ सापडलं, फक्त ते तुमच्या पंगतीपर्यंत पोहोचलं नाही. रजोनिवृत्तीनंतर हाड विरळ होण्यामागे इस्ट्रोजेनचं ओसरणं आहे, हे फुलर ऑलब्राइटने १९४१ मध्ये मांडलं. म्हणजे पन्नाशीतल्या बाईचं हाड ती दूध पीत नाही म्हणून झिजत नाही. उसवणाऱ्यांना आवरणारी मुकादमीण रजेवर गेलेली असते म्हणून झिजतं. पाण्याच्या नळांत क्षार साचू नयेत म्हणून वापरात असलेल्या रसायनांच्या कुळातल्या बिस्फॉस्फोनेटचा हाडांवरचा उपयोग स्वित्झर्लंडच्या हर्बर्ट फ्लाइशने १९६० च्या दशकात शोधला. ती उसवणाऱ्या पेशींना आवर घालतात, आणि आज जगभर हाड मोडण्यापासून वाचवणारं सर्वांत रुळलेलं औषध तेच आहे. १९९७-९८ मध्ये या उसवणाऱ्या पेशींना जन्माला घालणारा आणि त्यांना रोखणारा असे दोन्ही रेणू सापडले, आणि २०१० मध्ये त्यावरचं औषध आलं.

आणि भाचीच्या त्या चिणलेल्या पेशी? दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानर कुटुंबांत हाडं इतकी जाड होतात की ती सहसा मोडतच नाहीत, पण कवटी वाढून नसांवर दाब येतो, चेहरा लुळा पडतो, बहिरेपण येतं. २००१ मध्ये त्यांच्यातला दोष सापडला. बांधकाम थांबवण्याचा हुकूम देणारं एक प्रथिन त्यांच्यात तयारच होत नव्हतं. त्याचं नाव स्क्लेरोस्टिन आणि ते बनवतात याच ऑस्टिओसाइट. तो हुकूम काही काळ अडवणारं औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मूठभर कुटुंबांचं दुखणं कुणीतरी कुतूहलाने पाहिलं, म्हणून हजारो आज्यांचे मणके वाचायची सोय झाली. एवढ्यासाठी 'एवढं शिकून' शिकायचं असतं.

फॉस्फेटचं तर कुणी नावही घेत नाही. हाडाचं खनिज कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून बनतं, पण फॉस्फेटला जाहिरात नाही. २००० साली एफजीएफ-२३ या संप्रेरकाचा जनुक सापडला, आणि पुढे कळलं की हे संप्रेरक हाडातल्याच पेशी बनवतात. ते मूत्रपिंडाला सांगतं, फॉस्फेट टाकून दे. दगड मूत्रपिंडाला हुकूम सोडतो! एखाद्याच्या पावलात नाहीतर जबड्यात हरभऱ्याएवढी गाठ असते, ती हे संप्रेरक बेसुमार सोडते आणि हाडं मऊ पडत जातात. असे रुग्ण वर्षानुवर्षं 'कॅल्शियम कमी'च्या शिक्क्याखाली कुबड्यांवर काढतात. गाठ सापडून पूर्ण निघाली तर चालू लागतात. त्यांचं निदान गोळीने अडवलेलं असतं.

हेच माझं खरं भांडण आहे. चुनावाद नुसता अडाणी असता तर मी जिलबी खाऊन घरी आले असते. तो पुढचा प्रश्न बंद करतो. माझ्या आत्याने वीस वर्षं कॅल्शियमची गोळी एकही दिवस चुकवली नाही. संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड चालू होतं. त्याने हाड पोखरतं हे वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात आहे. रात्री झोपेची गोळी. न्हाणीघरात ओली गुळगुळीत फरशी, धरायला कठडा नाही. एका पहाटे घसरली आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरी सोडतानाच्या कागदावर शेवटची ओळ होती: कॅल्शियम चालू ठेवा. हाड का मोडलं, हे तिथे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. सगळ्यांना उत्तर माहीत होतं ना! उभ्या जागेवरून पडून हाड मोडणं हा अपघात नसतो, ती आजाराची खूण असते, हे मी वर्गात शिकवत होते आणि घरात विसरले होते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक जण वर्षभरात जातो. आत्या सातव्या महिन्यात गेली.

म्हणून काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पंगतीत राहिलं ते इथे देते. हाड भरायचं नसतं, ते सांभाळायचं असतं, आणि ते सांभाळणारी माणसं, म्हणजे त्या पेशी, त्या ग्रंथी, ते मूत्रपिंड, कुणाच्या हुकमाने चालतात हे कळल्याशिवाय सांभाळता येत नाही. चाला. उन्हात बसा. न्हाणीघरात कठडा लावा. डॉक्टरांना 'कॅल्शियम देऊ का' हे विचारण्याआधी 'हाड का झिजतंय' हे विचारा. आणि माझ्या भाचीला तिचं काम करू द्या. तुमच्या नातसुनेच्या कमरेला ते उपयोगी पडेल.

आत्याच्या अस्थी सावडायला मीही गेले होते. वीस वर्षांच्या गोळ्यांमधलं जे काही तिच्या अंगी लागलं असेल, ते सगळं तिथे होतं. पांढरंशुभ्र, नुसतं खनिज. मी एक तुकडा उचलला आणि मडक्यात ठेवेपर्यंत त्याचा बोटांत चुना झाला.